तीस टक्के म्हणजे नापास

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ७.२५ला भाची रेडिओवर. बोलली ३ मिनिटे १० सेकंद. 'शक्यता' हा शब्द अकरा वेळा. धोब्याकडून दोन चादरी आल्या, पैकी एक आपली नाही. स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. दुपारी सव्वादोन ते पावणेतीन पाऊस, थेंब मोठे. समोरच्या वहिनींच्या चार गाद्या गच्चीवर भिजल्या. सायंकाळी साडेसहाला वहिनी येऊन भांडून गेल्या. चहा घेतला नाही.

ही नोंद मावशीच्या वहीतली. मावशी रोज लिहीत असे आणि घडले तेवढेच लिहीत असे. वहिनी काय भांडल्या ते तिने लिहिले नाही, पण सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली.

भाची हवामान कचेरीत शास्त्रज्ञ होती. वय त्रेचाळीस, उंची बेताची, चाल मात्र अशी की सोबतच्या माणसाला धावावे लागे. कॉलेजसाठी म्हणून मावशीकडे राहायला आली ती तिथलीच झाली. नऊ वर्षांची असताना तिने गच्चीवर पातेले ठेवून पट्टीने पाऊस मोजला होता आणि वर्तमानपत्रातला आकडा चुकीचा आहे असे संपादकांना पत्र लिहिले होते. पातेले वर रुंद आणि खाली निमुळते होते हे तिच्या नंतर लक्षात आले. मग तिने दुसरे पत्र लिहून क्षमा मागितली. दोन्ही पत्रे छापून आली नाहीत, पण त्या दिवसापासून तिचे डोळे जे वर गेले ते खाली आलेच नाहीत. विजेच्या ढगांवर तिने सहा वर्षे काम केले. टेकडीमागच्या कचेरीतून पहाटे यंत्राची डबी बांधलेला फुगा सोडायचा, तो वर जाता जाता हवेची उष्णता आणि ओल कळवत राहतो, ते आकडे वाचायचे, नकाशे काढायचे, हे तिचे रोजचे काम.

आठ महिन्यांपूर्वी तिने स्वतः जाऊन रेडिओवर तीन मिनिटे मागून घेतली होती. आपण आकाश वाचतो ते लोकांपर्यंत पोहोचत नसेल तर त्या वाचनाचे काय लोणचे घालायचे, असे तिचे म्हणणे. ती मन लावून बोलायची. बाजारात तिला 'शक्यताताई' असे नाव पडले होते, हेही तिला ठाऊक होते. लोक ऐकत नाहीत, नुसते हसतात, असे तिला वाटे.

तर त्या मंगळवारी ती कामावरून आली, दारात एक चप्पल काढली, आणि आतून वहिनींचा आवाज आला.

"अहो मावशी, तुमच्या भाचीनं सकाळी काय सांगितलं? तीस टक्के. मी कणीक मळताना हात थांबवून ऐकलं. तीस म्हणजे नापास. म्हणून तर गाद्या टाकल्या वर. आता चार माणसांनी झोपायचं कशावर?"

भाची दुसरी चप्पल तशीच पायात ठेवून आत गेली. "काय म्हणालात वहिनी? नापास?"

"मग? पस्तीसला पास. शाळेत गेला नव्हतात का तुम्ही?"

"ती शाळेतच गेली आहे," मावशी म्हणाली. "अजून बाहेर पडायची आहे."

भाचीने ते ऐकलेच नाही. ती वहिनींसमोर जमिनीवरच बसली. "आणि मी चाळीस सांगितलं असतं तर?"

"काठावर पास. गाद्या टाकल्या असत्या, पण आकाशावर एक डोळा ठेवला असता."

"साठ?"

"फर्स्ट क्लास. गाद्या घरात."

"पंच्याहत्तर?"

"डिस्टिंक्शन. छत्री घेतल्याशिवाय कोपऱ्यावरसुद्धा जाणार नाही." वहिनींना आता शंका आली. "तुम्ही हसताय का? माझ्या गाद्या भिजल्यात."

भाची हसत नव्हती, तिला गगन ठेंगणे झाले होते. आठ महिने तिला वाटत होते की आपण भिंतीशी बोलतो. आणि ही बाई तर पिठाचे हात थांबवून ऐकत होती, एकेक आकडा नीट तोलत होती, फक्त तागडी वेगळी होती. लोक ऐकत होते. पेपर तपासायची पद्धत तेवढी त्यांची स्वतःची होती.

"वहिनी, तुमच्या गाद्या मी वाळवून देते," ती म्हणाली. "पण मला हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी?" वहिनी म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाण्याआधी ती वही घेऊन बाजारात शिरली. भेटेल त्याला एकच प्रश्न. मी तीस टक्के म्हणते तेव्हा तुम्ही काय समजता? केस कापणारा म्हणाला, "गावाच्या तीस टक्के भागात पाऊस. आमची गल्ली नेहमी सत्तरात." बसचा कंडक्टर म्हणाला, "तीस म्हणजे भुरभुर. शंभर म्हणजे धो धो. सरळ आहे." औषधांच्या दुकानातल्या बाईंनी सांगितले, दिवसातला तीस टक्के वेळ, म्हणजे साधारण सात तास. कोपऱ्यावरचा फळवाला सफरचंदे पुसत होता. त्याने मान वरही केली नाही.

"नापास, ताई. पण तुमचा हा नापास पोरगा अधूनमधून वर्गात येऊन दंगा करून जातो, हे मात्र खरं."

तिने एकतीस माणसांना विचारले. एकोणीसजण म्हणाले, नापास. एकानेही बरोबर सांगितले नाही. एखाद्याला यात रडू आले असते. ती कचेरीत शिरली ती धावतच, आणि सहकाऱ्यांना म्हणाली, "एकतीसपैकी शून्य. शून्य, कळलं का?" घबाड सापडल्यासारखा तिचा चेहरा पाहून त्यांना काही कळले नाही.

दुपारी मात्र रेडिओच्या साहेबांनी बोलावून घेतले. साहेब भला माणूस होता, पण घड्याळाचा गुलाम. टेबलावर दोन घड्याळे, मनगटावर तिसरे.

"बसा बाई. स्पष्टच बोलतो. लोक म्हणतात, बाई बोलतात फार आणि सांगत काहीच नाहीत. पाऊस येईलही, येणारही नाही. हे तर माझी आजीसुद्धा सांगायची, आणि तिला कुणी पगार दिला नाही. एक तारखेपासून आमची निवेदिकाच आकडा वाचेल. वीस सेकंद. बाकीचा वेळ जाहिरातींना."

"साहेब, मला कालच कळलं आहे चूक कुठे होते ती."

"कुठे होते?"

"लोक आकड्याला मार्क समजतात."

साहेबांनी घड्याळावरची नजर काढली. "म्हणजे ते मार्क नाहीत?"

तिने मनात मोजले. बत्तिसावा.

"महिना संपेपर्यंत बोला काय बोलायचं ते," साहेब म्हणाले. "पण मी आठ महिने ऐकतोय. मला कळलं नाही, तर रस्त्यावरच्या माणसाला काय कळणार? कुणाला तरी कळतंय असं मला दिसलं तर बघू. नाहीतर एक तारीख."

उरले सोळा दिवस. तीन मिनिटांचा तो कोपरा गेला की संपले. मग ती टेकडीमागे फुगे सोडत राहणार आणि गावातले लोक गाद्या वाळत घालत राहणार. त्या रात्रीच्या जेवणात तिचे लक्ष नव्हते. मावशी म्हणाली, "मीठ दोनदा घेतलंस." तेवढेच.

गुरुवारी नकाशांवर काहीतरी शिजायला लागले. दक्षिणेकडून दमट हवा येत होती, वर कोरडी हवा होती, आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाचमध्ये गावावर विजा कडाडण्याचा संभव दिसत होता. नेमक्या त्याच दुपारी मोठ्या शाळेचा क्रीडादिन होता. नऊशे मुले, तितकेच पालक, उघडे मैदान, आणि बक्षीस समारंभासाठी मधोमध लोखंडी पाइपांचा भलामोठा मांडव. विजेला आमंत्रणपत्रिका पाठवल्यासारखेच.

तिने शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्या फोनवरसुद्धा उंच वाटत.

"किती टक्के?" मोठ्या बाईंनी विचारले.

"तीस. पण बाई, हे तीस म्हणजे..."

"तीस? अहो, गेल्या वर्षी तुमच्या कचेरीनं साठ सांगितलं होतं. फर्स्ट क्लास. मी समारंभ पुढे ढकलला आणि त्या दिवशी असं ऊन पडलं की डांबर वितळलं. तुमचा फर्स्ट क्लासवाला आला नाही, तर हा नापास काय दिवे लावणार? प्रमुख पाहुणे ठरलेत. रेडिओचे साहेब. चार वाजता. ठेवते."

साहेबच पाहुणे म्हटल्यावर भाचीने कपाळाला हात लावला, आणि मग तो हात तसाच ठेवून विचार करू लागली. घरी येऊन मावशीला म्हणाली, "मावशी, उद्या मी आकडा सांगणारच नाही."

"मग काय सांगशील?"

"जे मला माहीत आहे ते. आणि जे माहीत नाही तेही."

"दुसरी यादी मोठी होईल," मावशी म्हणाली. "घड्याळ बघ."

शुक्रवारी पहाटे साडेपाचला तिने स्वतः फुगा सोडला. दोरी हातातून सुटली, पांढरा गोल वर गेला, वर गेला, तिळाएवढा झाला आणि नाहीसा झाला. ती पडद्यासमोर जाऊन बसली. आकडे येऊ लागले. दीड किलोमीटरवर हवा थंड होत जायच्याऐवजी अचानक गरम झाली. गरम थर. तिने पेन्सिल खाली ठेवली. चित्र डोळ्यांसमोर लख्ख उभे राहिले होते, आणि ते कसे सांगायचे हेही त्याच क्षणी कळले. घरच्या ओट्यावर रोज दिसणारेच तर चित्र होते.

सात पंचवीसला लाल दिवा लागला.

"नमस्कार. आज मी टक्के सांगणार नाही. आठ महिने मी आकडे सांगत होते आणि तुम्ही त्यांना मार्क समजत होतात. चूक तुमची नाही, माझी. पावसाला कुणी परीक्षेला बसवलेलं नाही. आज कुकर डोळ्यांसमोर आणा. खाली जमिनीजवळ गरम, ओली हवा आहे. ती वर जायला धडपडते आहे. पहाटे आम्ही सोडलेल्या फुग्याला दीड किलोमीटरवर एक गरम थर सापडला. तो थर म्हणजे झाकण. झाकण घट्ट राहिलं, तर दिवसभर नुसता उकाडा. झाकण उडालं, तर दुपारी दोन ते पाचमध्ये डोक्यावर विजा. उडेल की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक असल्याचं सोंग मी करणार नाही. पण आजच्यासारखे दहा दिवस आले, तर त्यांतल्या तीन दिवशी झाकण उडेल आणि सात दिवशी उडणार नाही, एवढं मी सांगू शकते. आजचा दिवस तिनांतला की सातांतला, ते संध्याकाळी कळेल."

काचेपलीकडे निवेदिका हात हलवत होती. तीन मिनिटे झाली होती. भाचीने मान फिरवली.

"आता ठरवायचं तुम्ही. गाद्या वाळत घालायच्या असतील तर खुशाल घाला. दहापैकी सात दिवस त्या वाळतील. पण मूल उघड्या मैदानावर, झाडाखाली किंवा मांडवात असणार असेल, तर ते सात दिवस विसरा आणि तीन आठवा. गडगडाट ऐकू आला की मोजत बसू नका, पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. गाद्यांचं एवढं काही नाही. गादी भिजली तर वाळते."

आणि ती थांबली. चार मिनिटे चाळीस सेकंद. साबणाची एक जाहिरात तिने गिळली होती.

बाहेर आली तर निवेदिकेने कपाळावर आठ्या घालून विचारले, "मला सांगा, माझी मुलगी त्याच शाळेत आहे. पाठवू की नको?"

"शाळेत पाठवा. मैदानावर नको."

ती घरी पोहोचते तोच फोन. मावशीने रिसीव्हर तिच्या हाती दिला आणि शांतपणे म्हणाली, "'शक्यता' शून्य वेळा." फोनवर मोठ्या बाई होत्या.

"सकाळपासून एकशे बारा फोन आलेत मला. एका आजोबांनी विचारलं, आमचा नातू तिनांतला की सातांतला? तुम्ही आग लावून दिलीत, आता विझवायलाही या. आत्ता. ताबडतोब."

भाची गेली. मावशीही पर्स घेऊन निघाली. "मला मांडव बघायचाय," म्हणाली. मैदानावर पांढऱ्या रेघा आखून झाल्या होत्या, बक्षिसांचे कप टेबलावर चमकत होते, आणि मांडवाच्या पाइपांना रंगीत कागद गुंडाळलेला होता. मोठ्या बाई मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या. वर निळेभोर आकाश. ढगाचे नाव नाही.

"हे बघा," मोठ्या बाई वर बोट दाखवून म्हणाल्या. "यात तुम्हाला वीज दिसते?"

"बंद कुकरमध्ये वाफ दिसते का, बाई?"

"मला कुकर शिकवू नका. मी सकाळी ऐकलंय."

"मग मला एकच सांगा. तुमच्या शाळेच्या दहा बस आहेत. मेकॅनिकनं सांगितलं, तीन बसचे ब्रेक गेलेत, कोणत्या ते माहीत नाही. तुम्ही म्हणाल का, तीसच टक्के, नापास आहे, चढा मुलांनो?"

मोठ्या बाई वळल्या. त्यांनी मांडवाकडे पाहिले. तो उभा करायला चार दिवस लागले होते. त्यांनी आकाशाकडे पाहिले. मग पी.टी.च्या सरांना हाक मारली.

"सगळ्या शर्यती दीडच्या आत संपवा. बक्षीस समारंभ हॉलमध्ये."

"बाई, हॉल चारशे माणसांचा आहे," सर म्हणाले.

"मग चारशे बसतील आणि बाकीचे उभे राहतील. जिन्यात, गॅलरीत, कुठेही. मैदानावर कुणी नको." मग भाचीकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आणि आज जर ऊन पडलं ना, तर हॉलमध्ये सगळ्यांसमोर तुम्हाला उभं करते. कान धरून नव्हे, पण तसंच काहीसं."

दीडला शेवटची शर्यत संपली. दोनला हॉल भरला. अडीचला तो इतका भरला की मुले खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली. सात पंख्यांपैकी दोन बंद. घामाचा, बुटांचा आणि गोळ्यांच्या साखरेचा वास. आयांनी समारंभाच्या पत्रिकांचे पंखे केले. मावशी मात्र कोपऱ्यातली खुर्ची पटकावून ताठ बसली होती.

भाची पश्चिमेच्या खिडकीशी उभी. पावणेतीन. टेकडीमागून एक पांढरा गोळा वर आला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा अगदी ठसठशीत. तो फुगत फुगत वर गेला, आणि कोणी तळहात ठेवून दाबावा तसा वर चपटा होऊन विरघळला. झाकणाला बसलेली पहिली धडक. सव्वातीनला दुसरा आला, पहिल्याहून उंच. तिने खिडकीची चौकट धरली. क्षणभर तिला वाटले, उड, उड एकदाची. मुले तर आतच आहेत. मग स्वतःचीच लाज वाटली, पण डोळे काही हलले नाहीत. दुसराही खचला. पावणेचारला तिसरा. हा इतका उंच गेला की त्याची सावली मैदानावर आली, मांडवाचे रंगीत कागद एकदम निस्तेज झाले, वाऱ्याची एक थंड झुळूक आत शिरली आणि सगळ्या हॉलने "हां" केले. मोठ्या बाई भाषण करता करता थांबल्या.

आणि तोही गेला. सावली सरकली. मैदानावर पुन्हा झळझळीत ऊन. थेंब नाही, गडगडाट नाही. चार वाजून गेले, पाच व्हायला आले. आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ, आणि त्याखाली चार दिवस खपून उभारलेला मांडव एकटाच उभा.

झाकण घट्ट बसले होते. आजचा दिवस सातांतला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेत रेडिओचे साहेब कोट काढून, टाय सैल करून, रुमाल ओला करून बसले होते. ते घड्याळ बघत होते. तिन्ही घड्याळे असती तर तिन्ही बघितली असती. भाचीने खिडकीची चौकट सोडली. झाले. आता पुढच्या वेळी खरेच झाकण उडणार असेल तर कोण आत येणार?

तिच्या मागेच, भिंतीशी उभ्या असलेल्या एका बापाने तोंड उघडले, आणि आवाज कमी करायची तसदी घेतली नाही.

"फुकट उकडून काढलं सगळ्यांना. शक्यताताई म्हणे. पोरीचा फोटो मांडवात काढायचा होता. बघा बाहेर, पाऊस आहे का कुठे? नापास ते नापासच."

"काय हो," शेजारून कोणी म्हणाले, "सकाळी ऐकलं नव्हतं का तुम्ही?"

भाचीने वळून पाहिले. तो फळवाला होता. धुतलेला शर्ट, खांद्यावर झोपलेली एक छोटी मुलगी, तिच्या गळ्यात पदक.

"ऐकलं की. आली का वीज?"

"तुम्ही माझ्याकडून सफरचंदांच्या दहा पेट्या घेतल्या असं समजा," फळवाला म्हणाला. "मी आधीच सांगितलं, दादा, यातल्या तीन सडक्या आहेत, कोणत्या ते मलाही माहीत नाही. तुम्ही घरी जाऊन पहिली पेटी उघडली. चांगली निघाली. तर मी खोटा का?"

"नाही, पण..."

"मग? आज चांगली पेटी निघाली. खा आणि गप्प बसा. सडकी निघाली असती तर पोरीचा फोटो कुठे काढणार होता?"

आसपासचे दोघेतिघे हसले. एक बाई म्हणाली, "आमच्याकडे सासऱ्यांनी तर सकाळीच सांगितलं, आज नाही पडली तरी बाईंना नावं ठेवू नका, सात दिवस न पडण्याचेच आहेत म्हणून." दुसरी म्हणाली, "मी गाद्या टाकून आलेय. वाळल्या असतील." तो बाप पुटपुटला, "पण उकडलं हे तर खरं ना?" आणि यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले.

भाचीला वाटले आपण जमिनीपासून चार बोटे वर उभ्या आहोत. ही पेट्यांची गोष्ट तिची नव्हती. तिने ती कधीच सांगितली नव्हती. या माणसाने सकाळी ऐकले, दिवसभर मनात ते उलटेपालटे करून पाहिले, आणि आपल्या मालाच्या भाषेत घालून परत दिले. तिच्यापेक्षा नेटके. कळल्याशिवाय का कुणाला असे करता येते? तिने पर्समधून पेन काढले आणि कागद सापडेना म्हणून समारंभाच्या पत्रिकेवरच लिहून घेतले.

मान वर केली तर पुढच्या रांगेतले साहेब खुर्चीत अर्धे वळून बसले होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

मोठ्या बाईंनी आपला शब्द पाळला. शेवटचा कप दिल्यावर माईकवरून म्हणाल्या, "ज्यांच्यामुळे आज आपण सगळे वाफेवर शिजलो, त्या हवामानवाल्या बाई तिकडे खिडकीशी आहेत. आजचा दिवस सातांतला निघाला, म्हणून त्या वाचल्या. टाळ्या." टाळ्या बऱ्यापैकी झाल्या. मुलांच्या जास्त, कारण त्यांना बाहेर पळायची घाई होती.

दाराशी गर्दीत मोठ्या बाई भेटल्या. "पुढच्या वर्षी मैदानावरच घेणार."

"घ्या की. आदल्या दिवशी मला फोन करा."

"करीन. आणि तुम्ही टक्के म्हणालात तर फोन ठेवून देईन."

साहेब कोट हातावर टाकून मागून आले. "त्या पेट्या तुम्ही रेडिओवर सांगितल्या होत्या का? माझ्या ऐकण्यात नाही आलं."

"नाही. त्यांच्या आहेत. फळवाल्याच्या."

"हं." त्यांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला. "सोमवारी त्या सांगा. त्याचं श्रेय त्याला द्या. आणि तीन मिनिटं कमी पडत असतील तर साडेचार घ्या. पण साबणवाले माझ्या डोक्यावर बसलेत, तेव्हा घड्याळ बघा."

"आणि एक तारखेनंतर?"

"बघू."

"बघू म्हणजे, साहेब? दहातले किती?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली. त्यांना हसू आवरत नव्हते. "नऊ."

"आणि दहावा?"

"दहाव्यात तुम्ही पाच मिनिटं बोललात."

मावशी आणि भाची चालतच घरी आल्या. भाची सगळा रस्ता बोलत होती. सोमवारी पेट्या, मंगळवारी झाकण का उडाले नाही ते, मग धुके, मग वाऱ्याची दिशा लोक उलटी का समजतात. मध्येच थांबून ती पश्चिमेकडे बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मावशीने दोनदा तिचा दंड धरून तिला रस्त्याच्या कडेला ओढले. समोरच्या वहिनी गच्चीवरून गाद्या झटकत होत्या. "वाळल्या हो," त्यांनी वरून सांगितले.

घरी आल्यावर भाची कागद पसरून सोमवारचे लिहायला बसली. मावशीने चष्मा लावला, वही उघडली, तारीख घातली आणि दिवसभराचे एकेक करून लिहून काढले. शेवटची ओळ अशी होती: स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. गळणे थांबले.